भिंतीवरचे फोटो आधी खाली उतरवा

कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाच्या नव्या सेक्रेटरींनी मला विचारलं आहे. त्यांचा संघ सत्तरीला आला. मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या संघांचे फोटो आहेत, कपाटभर कप आहेत, पेठेत नाव आहे. आताच्या संघात मात्र निम्मी पोरं पेठेतली, निम्मी बाहेरची, त्यात दोघे नायजेरियाचे. सरावाला तीन टोळक्यांत उभी राहतात, गोल बसला की एकमेकांवर हात उडवतात. 'आपल्या इतिहासाचा उपयोग करून ही पोरं एकत्र बांधता येतील का? कशी?' असा त्यांचा प्रश्न.

बांधता येतील. पण सेक्रेटरीसाहेब, तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता जो कार्यक्रम आला असेल ना, म्हणजे स्टेजवर जुने खेळाडू, शाल-श्रीफळ, फेटे, माईक आणि खाली सतरंजीवर पोरं, तो आधी डोक्यातून काढून टाका. मी 31 वर्षं कोचिंग केलं आणि त्यातली पहिली आठ-दहा वर्षं नेमकं हेच करत आलो. एका हंगामात सेमीफायनलच्या आदल्या संध्याकाळी मी पाच ज्येष्ठांना बोलावलं. अडीच तास कार्यक्रम चालला. पाचही जण मनापासून बोलले, पण प्रत्येकाची सुरुवात 'आमच्या वेळी' अशी. मागच्या रांगेतली पोरं बोटांवर 'आमच्या वेळी' मोजत बसली होती, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन-शून्य हरलो. हरण्याचं खापर मी त्या कार्यक्रमावर फोडत नाही, समोरचा संघ चांगला होता. पण सामना संपल्यावर आमचा लेफ्ट बॅक बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाला, "सर, काल सगळ्यांनी ते किती भारी होते ते सांगितलं. आम्ही काय करायचं ते कुणी सांगितलंच नाही."

त्या पोराचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच वाक्यात आहे. इतिहास ऐकवून संघ बांधला जात नाही. इतिहासातलं एखादं काम पोरांच्या हातात द्यावं लागतं.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण स्पेनमधल्या बिल्बाव शहरातलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. महापालिकेची हद्द धरली तर बिल्बाव कोल्हापूरपेक्षा लहान शहर. तिथला अॅथलेटिक क्लब 1898 चा. एका बाबतीत तो आपल्या जुन्या तालमींसारखाच आहे: संघात फक्त भोवतालच्या बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथे फुटबॉल शिकलेला खेळाडूच घ्यायचा, हा दंडक त्यांनी शंभरेक वर्षं पाळलाय. पैसा टाकून बाहेरचा हुकमी स्ट्रायकर आणायची सोयच नाही. तरीही रेआल माद्रिद आणि बार्सिलोना सोडले तर स्पेनच्या पहिल्या विभागातून कधीच खाली न घसरलेला हा एकटाच क्लब.

आता त्यांनी इतिहास कुठे ठेवलाय बघा. त्यांचा एक फॉरवर्ड होता, राफाएल मोरेनो, टोपणनाव पिचिची. सान मामेस हे त्यांचं मैदान 1913 साली सुरू झालं, तेव्हा तिथला पहिला गोल त्याने मारला. 1922 मध्ये टायफसने तो गेला, वय अवघं 29. स्पेनच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल मारणाऱ्याला आज जे बक्षीस मिळतं ते त्याच्याच नावाचं. तर क्लबाने त्याचा अर्धपुतळा उभारला आणि एक रिवाज पाडला: सान मामेसवर पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या पाहुण्या संघाच्या कप्तानाने त्या पुतळ्यापाशी फुलं वाहायची. भाषण नाही, सत्कार नाही. पाहुणा येतो, फुलं ठेवतो आणि खेळायला जातो. यजमान संघातलं सतरा वर्षांचं पोरगं ते बघत असतं. परका माणूस आपल्या मैदानावर येऊन आपल्या माणसापुढे वाकतो, हे बघितल्यावर त्या पोराला आणखी काय समजावून सांगायचं राहतं?

दुसरी गोष्ट त्यांच्या पडावाची. गाबारा म्हणतात त्याला, नदीतून माल वाहणारी सपाट होडी. 1983 आणि 1984 मध्ये क्लब लीग जिंकला तेव्हा सगळा संघ या पडावावर चढून शहराच्या नदीतून मिरवला आणि दोन्ही काठांवर माणसांचा समुद्र लोटला. त्यानंतर चाळीस वर्षं मोठा कप आलाच नाही. फायनल गाठल्या, पण हरल्या: 1985, 2009, 2012, 2015 आणि 2021 च्या एप्रिलमध्ये तर दोन आठवड्यांत दोन. मधल्या काळात दोनदा सुपर कप जिंकला, तरी पडाव पाण्यात उतरला नाही. लहान कपासाठी तो काढायचाच नाही. 6 एप्रिल 2024 ला सेव्हियात मायोर्काविरुद्धची कोपा देल रेची, म्हणजे स्पेनच्या राष्ट्रीय कपाची फायनल एक-एक अशी सुटली, टायब्रेकरवर बिल्बाव जिंकला आणि पाच दिवसांनी पडाव नदीत उतरला. कप्तान इकर मुनियाइन आधीच्या चार हरलेल्या फायनलांच्या वेळी याच क्लबात होता. त्या संघातल्या सगळ्याच पोरांनी पडाव फक्त फोटोत बघितला होता. चाळीस वर्षं त्या होडीने काही केलं नाही, नुसती वाट बघितली. पण प्रत्येक नव्या पिढीला ठाऊक होतं की एक होडी आपल्यासाठी थांबली आहे.

मला विचाराल तर हे जिंकलेल्या कपापेक्षाही मोठं भांडवल आहे. भिंतीवरचा कप म्हणतो, 'मी जिंकलेला आहे.' ती होडी म्हणायची, 'तुम्ही यायचे आहात.'

आपल्याकडे नदीतून मिरवायची सोय नाही. पंचगंगेत उतरायचं असेल तर आधी टिटॅनसचं इंजेक्शन घ्यावं लागेल. पण प्रत्येक तालमीत असं काहीतरी असतंच, बघायची नजर मात्र हवी. आमच्याकडे एक पितळी घंटा होती. फायनल जिंकली तरच ती वाजवायची, असा जुन्यांचा नियम, आणि पोरं गणपतीत कुणीही बडवायची. मी ती उतरवून पुसून कपाटात ठेवली आणि चावी कप्तानाकडे दिली. नियमात नवं काहीच नव्हतं, जुनाच नियम पुन्हा पाळायला लागलो एवढंच. एका हंगामात पोरं चावी कुणाच्या खिशात आहे यावरून थट्टा करायला लागली. पेठेतली पोरं आणि बाहेरची पोरं एकाच विषयावर हसतात, हे आमच्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

बाहेरच्या पोरांचा मुद्दा आला आहेच तर तिथे थोडं थांबू, कारण तुमची खरी अडचण तिथेच आहे. पेठेतल्या पोराला इतिहास दुधातून मिळतो. बाप खेळला, काका खेळला. इचलकरंजीहून किंवा गडहिंग्लजहून हंगामापुरता आलेल्या पोराला तुमच्या 1968 च्या संघाशी काय देणंघेणं? आणि नायजेरियातल्या लागोसहून आलेल्याला? तुम्ही जितका 'आपली पेठ, आपलं रक्त' असा गजर कराल, तितका तो बिचारा कोपऱ्यात सरकेल. इतिहास चुकीच्या हातात पडला तर संघ फोडतो, हे मी स्वतः अनुभवलंय. पेठेतल्या एका पोराने बाहेरच्या हाफबॅकला 'तुला काय कळणार आमची जर्सी' म्हटलं आणि पुढच्या चार सामन्यांत त्या दोघांमध्ये एक पास गेला नाही.

बिल्बाव इथेही उपयोगी पडतो. इन्याकी विल्यम्सचे आईवडील घानाहून सहारा ओलांडून स्पेनमध्ये पोचले, बराच रस्ता पायी. त्यांना मदत करणाऱ्या एका पाद्र्याच्या नावावरून मुलाचं नाव ठेवलं. मुलगा बिल्बावमध्ये जन्मला, त्याच प्रदेशातल्या फुटबॉलमध्ये वाढला, म्हणून त्या कडक दंडकातही बसला. हाच इन्याकी लीगमध्ये सलग 251 सामने खेळला, स्पेनमधला तो विक्रम आहे. धाकटा भाऊ निको 2024 च्या त्या फायनलमध्ये त्याच्यासोबत मैदानात होता. ज्या क्लबाचा इतिहास रक्तावर उभा आहे असं लांबून वाटतं, त्या क्लबाचा चेहरा आज हे दोन भाऊ आहेत. त्या इतिहासात एक दार आहे, आणि मैदानावर राबणाऱ्याला त्या दारातून आत घेतात.

तुमच्या मंडळाच्या इतिहासातही असं दार नक्की सापडेल. शोधा. सत्तर वर्षांत बाहेरगावचा एखादा खेळाडू तुमच्याकडे येऊन गाजलाच असणार. एखादा रेल्वेतला, एखादा पोलिसातला, एखादा शिकायला आलेला. त्याची गोष्ट पेठेतल्या हिरोच्या गोष्टीआधी सांगा.

आम्ही आणखी एक केलं, ते फुकटात होतं. प्रत्येक नंबराला शाळेतली शंभर पानी वही. 4 नंबरची वही, 9 नंबरची वही. पहिल्या पानावर तो नंबर आधी कुणी घातला त्यांची नावं, जितकी मिळाली तितकी. हंगाम संपला की त्या नंबराच्या खेळाडूने स्वतःच्या हाताने एक पान लिहायचं: काय जमलं, काय चुकलं, पुढच्याला काय सांगायचंय. आमच्याकडे एक हंगाम खेळून गेलेल्या नायजेरियन फॉरवर्डने दीड पान इंग्रजीत लिहिलं. आपल्या मैदानावर दुपारच्या सामन्यात ऊन कुठून डोळ्यांत येतं आणि म्हणून कॉर्नरला कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे त्यात होतं. सगळ्यात खाली त्याने लिहिलं होतं की, एका पोराची आई त्याला दर रविवारी डबा पाठवायची, तिला माझा नमस्कार सांगा. पुढच्या वर्षी 9 नंबर पेठेतल्या पोराला मिळाला. इंग्रजी यथातथाच, म्हणून बहिणीकडून वाचून घेतलं. मग मला येऊन म्हणाला, "सर, ह्यो आपलाच की." मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर सगळंच बिघडलं असतं.

आता इतिहास गोळा करण्याविषयी. हे काम पावसाळ्यात करा, मैदान बंद असतं आणि पोरं रिकामी असतात. दोन-दोन पोरांची जोडी करा, एक पेठेतला आणि एक बाहेरचा, आणि एकेका जुन्या खेळाडूच्या घरी पाठवा. मोबाइलवर रेकॉर्ड करून आणू द्या. प्रश्न ठरवून द्या, नाहीतर तिथेही 'आमच्या वेळी' सुरू होतं. आमचे प्रश्न साधे होते: बूट कुठून आणायचा? सराव कुठे करायचा? जर्सी कोण धुवायचं? कुणाशी भांडण झालं आणि ते कसं मिटलं? सगळ्यात वाईट सामना कुठला? कप किती जिंकले हे विचारायचंच नाही, ते कपाटात दिसतं.

जर्सीच्या प्रश्नाला आम्हाला जे उत्तर मिळालं त्यावर मी एक अख्खा हंगाम काढला. 1970 च्या दशकात मंडळाकडे जर्सीचा एकच जोड होता. सामना झाला की एका खेळाडूची आई रात्रीत धुवायची आणि पावसाळी हवा असली तर चुलीच्या उबेला वाळवायची. दुसऱ्या दिवशी सामना असला की अकराच्या अकरा जर्सींना धुराचा वास. समोरचे संघ चिडवायचे. ही गोष्ट ऐकल्यावर आमच्या पोरांनी आपणहोऊन ठरवलं की सामन्यानंतर जर्सी जमिनीवर टाकायची नाही, घडी करून पिशवीत ठेवायची. मी सांगितलं असतं तर आठवडाभर टिकलं असतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. जुनी माणसं गोष्ट फुगवतात. त्यात वाईट हेतू नसतो, गोष्ट दरवर्षी वाढदिवस साजरा करते इतकंच. पण पोरांच्या हातात मोबाइल आहे. एक थाप उघडी पडली की बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टीही बाद होतात. म्हणून पडताळा करा. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली कुठे मिळतात ते विचारा, करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा, प्रतिस्पर्धी मंडळातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा, ते तुमची थाप आनंदाने मोडतील. आणि घाबरू नका, खरी गोष्ट सहसा लहान होत नाही. मोहन बागान या जुन्या क्लबाचंच घ्या. 29 जुलै 1911 ला कोलकात्यात त्यांनी आयएफए शील्ड या स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीच्या संघाला दोन-एक हरवलं. आधी एक गोल खाऊन, मग शेवटी शेवटी शिबदास भादुरी आणि अभिलाष घोष यांनी गोल मारून. लोक सांगतात, अकराही जण अनवाणी होते. खरं तर दहा अनवाणी होते; सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळले. म्हणून काही कमी झालं का? उलट मला तर ते चित्र जास्त आवडतं. एकच बूटवाला, दहा बिनबुटाचे आणि अकराही एकाच बाजूचे. तो दिवस क्लब आजही दरवर्षी मोहन बागान दिन म्हणून पाळतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आता सांगतो, आणि मंडळातली वडीलधारी मंडळी नेमकी इथेच नाराज होतात. हरलेल्या सामन्यांचा इतिहास बाहेर काढा.

आमच्याकडे 1980 च्या दशकात खेळलेला एक बॅक होता. एका फायनलमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि कप गेला. त्यानंतर बरीच वर्षं हा माणूस शाहू स्टेडियमच्या बाजूने जायचा नाही, लांबचा रस्ता धरायचा. त्याला बोलवावं असं मी म्हटल्यावर कमिटीत एकाने सरळ विचारलं, "पोरांच्या मनात अपशकून घालायचाय का?" मी हट्ट धरला. तो आला, एका बुधवारी, सराव संपल्यावर. माईक नाही, खुर्ची नाही, गोलपोस्टला टेकून उभा राहिला. गोल कसा गेला ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाला, "रात्री आमचा गोलकीपर घरी आला. आईनं भाकरी वाढली. जेवला. बारापर्यंत बसला. त्या गोलाबद्दल एक अक्षर बोलला नाही. जाताना म्हणाला, उद्या सहाला सराव आहे, न्यायला येतो." एवढंच. मग त्याने पोरांबरोबर चहा घेतला आणि निघून गेला.

पुढच्या सामन्यात आमच्या गोलकीपरच्या हातून सोपा चेंडू सुटला. गोल. एरवी चौघांनी हात उडवले असते. त्या दिवशी स्टॉपर पळत गेला, जाळ्यातून चेंडू काढला, कीपरच्या डोक्यावर टपली मारली आणि सेंटरकडे निघाला. संघभावना मोजायची माझ्याकडे एवढी एकच पट्टी आहे. जिंकल्यावर सगळेच मिठ्या मारतात. गोल खाल्ल्यावरची पहिली दहा सेकंदं बघा: चेंडू कोण उचलतो, कोण कुणाकडे बघतो, कोण नजर फिरवतो. वहीत लिहून ठेवा. हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटची पानं शेजारी ठेवलीत की काय ते कळेल.

इटलीतल्या तोरिनोचं इथे सांगायलाच हवं. 1940 च्या दशकात हा संघ सगळ्यांवर भारी होता. कप्तान वालेंतिनो मात्सोला. सामना अडकला की प्रेक्षकांतला एक रेल्वेतला माणूस बिगुल वाजवायचा, मात्सोला जर्सीच्या बाह्या वर सारायचा आणि पुढची पंधरा मिनिटं समोरच्या संघाला पळता भुई थोडी. बाह्या सारणं हीच खूण, बाकी बोलायची गरज नाही. 4 मे 1949 ला लिस्बनहून परतताना त्यांचं विमान तुरिन शहराजवळच्या सुपेर्गा टेकडीवर आदळलं. 31 माणसं गेली, त्यात 18 खेळाडू. लीगचे चार सामने उरले होते. तोरिनोने कुमार संघ उतरवला आणि चारही प्रतिस्पर्ध्यांनी आपापली कुमार पोरंच समोर उतरवली. दर 4 मेला संघ त्या टेकडीवर जातो आणि त्या वर्षीचा कप्तान सगळी नावं मोठ्याने वाचतो. कप्तान कुठलाही असो, कुठूनही आलेला असो, ती नावं त्याला स्वतःच्या तोंडाने उच्चारावी लागतात. बघणं वेगळं आणि उच्चारणं वेगळं, हे तिथल्या लोकांना कळलेलं आहे.

पण हाच तोरिनो दुसरीही गोष्ट सांगतो. त्या अपघातानंतर त्यांना लीग एकदाच जिंकता आली, 1975-76 मध्ये. मधे तर ते खालच्या विभागातही घसरले. एका पिढीला मारून गेलेल्या अपघाताची झळ ती; नुसत्या आठवणींनी ती भरून निघत नाही. इतिहासाचं ओझंही होतं. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडने 2013 मध्ये जुना गाजलेला कोच फर्ग्युसन याच्या जागी मॉइसला आणलं, करार सहा वर्षांचा, प्रेक्षकांत त्याच्या नावाचा मोठा फलक, आणि वरच्या खुर्चीत स्वतः फर्ग्युसन बसलेला. दहा महिन्यांत मॉइस घरी. तुमच्या बेंचच्या मागेही असे पाच-सहा फर्ग्युसन बसत असतील, पान खात. त्यांना काम द्या. एकाने कीपरला सराव द्यावा, एकाने ज्युनियर पोरांचं बघावं. ज्याला काम नको असेल त्याने तिकीट काढून गॅलरीत बसावं.

पेठांच्या वैराविषयी थोडंच बोलतो, कारण विषय नाजूक आहे. आपल्याकडे इतिहास म्हटलं की 'त्यांना कसं ठोकलं' हाच इतिहास असतो, आणि त्याच्या पायी गॅलरीत काय काय होतं ते तुम्ही-मी बघितलंय. द्वेषावर बांधलेला संघ एका सामन्यापुरता टिकतो. पुढच्या आठवड्यात दुसरा प्रतिस्पर्धी आला की हवा जाते. पुन्हा बास्क प्रदेशातलंच सांगतो. 5 डिसेंबर 1976 ला रेआल सोसिएदाद आणि बिल्बाव या हाडवैऱ्यांचा सामना होता. बास्क झेंड्यावर तेव्हा बंदी होती. दोन्ही कप्तान, कोर्ताबारिया आणि इरिबार, तो झेंडा दोघांच्या हातात धरून मैदानात आले. बिल्बाव तो सामना पाच-शून्य हरला. इरिबार गोलकीपर होता, पाचही त्याच्याच मागे गेले. आज लोकांना आठवतो तो झेंडा. तुमच्या मंडळाच्या गोष्टींत प्रतिस्पर्ध्याने दाखवलेल्या दिलदारीची एक तरी गोष्ट असू द्या. आपल्या तालमी मुळात कुस्तीच्या आहेत. खासबागेत समोरच्याला चीत केल्यावर हात देऊन उठवायची रीत होती, ती फुटबॉलने कुठे हरवली ते शोधायला पाहिजे.

वेळेचंही भान ठेवा. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये इतिहास काढू नका. तिथे पोराचं पोट आधीच ढवळत असतं. त्याला त्याचा माणूस कोण आणि कॉर्नरला उभं कुठे राहायचं, एवढंच हवं असतं. इतिहासाचं काम हंगामापूर्वीचं आणि आठवड्याच्या मधल्या संध्याकाळचं.

काही गोष्टी मात्र इतिहासाने होत नाहीत. ठरलेलं मानधन दोन महिने थकलं असेल, कमिटीतल्या कुणाचा पुतण्या फॉर्म नसताना आत असेल, दुखापत झालेल्या पोराच्या एक्स-रेचे पैसे कोण देणार यावरून टाळाटाळ चालली असेल, तर पिचिची, मात्सोला आणि तुमचा 1968 चा संघ एकत्र उभे केलेत तरी उपयोग नाही. आधी ते निस्तरा. पोरं वेडी नसतात. एका हातात गौरवशाली परंपरा आणि दुसऱ्या हातात बाकी असेल तर ती बाकीच बघतात. आणि उदाहरणं फार जुनी नकोत. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तुमच्या ज्युनियर पोरांना तो मोठ्या भावाच्या वयाचा आहे. इतिहास कालपासून सुरू होतो हे त्यांना दिसलं पाहिजे.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर या रविवारी सकाळी सगळ्या संघाला हॉलमध्ये बोलवा. सराव नाही, फक्त ओली फडकी, कोरडी फडकी आणि एक शिडी. भिंतीवरचे सगळे फोटो खाली उतरवायला लावा. काचा पुसू द्या. फ्रेम उलटी करून मागे काही लिहिलंय का ते बघू द्या, बऱ्याचदा साल आणि नावं मागेच असतात. तुम्ही बाजूला उभे राहा आणि तोंड बंद ठेवा, ते सगळ्यात अवघड आहे.

आम्ही हे केलं तेव्हा एका फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण ते कुणालाच सांगता येईना. मलाही नाही. फोटोच्या मागे दहाच नावं होती. आमचा त्या वर्षीचा बाहेरगावचा राइट हाफ, एरवी कुणाशी न बोलणारा, तो फोटो काखेत मारून कुणाला न विचारता बाहेर पडला. समोरच्या पानपट्टीवर विचारलं, मग गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत, मग मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना. पेठेतली दोन पोरं त्याच्यामागे गेली, कारण त्याला गल्ल्या माहीत नव्हत्या. तासाभराने तिघं परत आली. नाव मिळालं होतं, आणि त्या माणसाच्या मुलीने तिघांना पोहे खायला घातले होते.